सहा सिलेंडरचा अमेरिकन पिकअप कसा आहे? धाकट्या भावासाठी विचारतोय

बाळीवेसकर
नमस्कार मंडळी. प्रश्न भावाचा आहे, त्याला विचारायची लाज वाटते म्हणून मी विचारतोय. तो टेक्सासला सॅन अँटोनियोजवळ असतो, गावाबाहेर चार एकर घेतलंय, शेळ्या पाळल्यात आणि एक छोटा ट्रॅक्टर आहे. तो ट्रॅक्टर ट्रेलरवर घालून महिन्यातून दोन-तीनदा न्यावा लागतो, ट्रेलरसकट ५,००० पौंड भरतं म्हणजे सव्वादोन टन धरा. बाकी दिवस ऑफिस आणि पोरांची शाळा. त्याच्या डोक्यात सेकंडहँड फोर्ड एफ-१५० बसलीय, २०१९ ची, २.७ लिटरचं टर्बोवालं व्ही६ पेट्रोल इंजिन. शेजारीपाजारी सगळे म्हणतात आठ सिलेंडरचं व्ही८ च घे.

आता घोळ असा की आमच्या अण्णांनी बावीस वर्षं ट्रक चालवलाय, सोलापूर मार्केट यार्डातला कांदा बेंगळुरू-चेन्नईला न्यायचे, आता आमच्या घरच्या दोन बोलेरो पिकअप आहेत. भावाने फोनवर २.७ लिटर सांगितल्यावर अण्णा म्हणाले, सहा सिलेंडर आणि २.७ लिटर? चहाच्या कपाएवढे पिस्टन असणार, त्यात पेट्रोल, ओढणार काय ते? तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी हाच विषय चाललाय, आई वैतागलीय. ज्यांनी खरंच वापरलीय त्यांनी सांगा, समाधानी आहात का. यूट्यूब बघून सांगणाऱ्यांनी कृपया जाऊ द्या.

डॅलसचा सोलापूरकर
माझ्याकडे हेच इंजिन आहे, २.७, २०१८ चं मॉडेल, दोन वर्षं जुनी घेतली होती आणि आजपर्यंत घेतल्याचा पस्तावा नाही. आधी अण्णांना एक हिशोब सांगा, २.७ भागिले सहा म्हणजे एकेक सिलेंडर साडेचारशे सीसीचा. साडेतीनशेच्या बुलेटपेक्षा मोठा झाला की ओ, तशी सहा भांडी एका बॉनेटखाली आहेत आणि वर हवा कोंबणारे दोन टर्बो. चहाचा कप नाही, चांगला तांब्या आहे.

व्ही८ वाल्यांचं काय असतं, आवाजावर जीव असतो. माझाही होता. पण आकडे बघ, २०१८ ते २०२० च्या एफ-१५० मध्ये ५.० व्ही८ चा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ४०० पौंड-फूट आणि ह्या २.७ चाही ४०० च, म्हणजे साधारण ५४० न्यूटन मीटर. फरक असा की व्ही८ तो ४,५०० आरपीएमला देतं आणि हे २,७५० ला. चढावर ट्रेलर लावून जाताना हा फरक पायाला कळतो, एक्सलेटर दाबून धरावा लागत नाही, दहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे तो आपलं आपण बघून घेतो. तुमच्या बोलेरोचा टॉर्क दोनशेच्या आसपास आहे, त्यावरून अण्णांना अंदाज येईल.

अ‍ॅव्हरेज मात्र खोटं सांगणार नाही. हायवेला रिकामी नऊ-साडेनऊ, गावात सात-साडेसात, ट्रेलर लावला की चार-साडेचार. किलोमीटर प्रति लिटर सांगतोय. टर्बो पेट्रोलचं असंच असतं, टर्बो हाणला की पेट्रोल पिणारच. इथे पेट्रोल त्या मानाने स्वस्त म्हणून चालतंय, पंपावर रेग्युलर टाकलं तरी चालतं, महागडं लागत नाही.

अक्कलकोट रोड डिझेलवाला
मी यूट्यूबवाला पण नाही आणि ही गाडी हातात पण आलेली नाही, पण सहा सिलेंडर रोज उघडतो म्हणून बोलतो. मालक, अण्णा ज्या सहा सिलेंडरचं बोलूलालेत ते लाइनीतलं, एकामागे एक उभं. टाटाच्या गाड्यांत जे ५.९ लिटरचं कमिन्स येतं, जमशेदपूरला बनणारं, त्याच घराण्यातलं ५.९ इंजिन अमेरिकेत १९८९ पासून डॉज रॅम पिकअपमध्ये बसवत होते. हे अण्णांना सांगा, खूश होतील. ते डिझेल, वजनाला जड आणि लाखो किलोमीटर जाणारं. त्या इंजिनाशी ह्या २.७ ची तुलनाच नको, ते बैल आणि हे घोडं.

लाइनीतलं सहा जात्याच बॅलन्स असतं, थरथर कमी. व्ही६ मध्ये तीन इकडं तीन तिकडं, लांबीला आखूड म्हणून बॉनेटखाली सहज मावतं, पण दोन हेड, दोन बाजूच्या टायमिंग, सगळं डबल. काम निघालं तर मजुरी पण डबल धरा. आणि जुनं मॉडेल बघत असाल तर एक ध्यानात ठेवा. पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये मारणाऱ्या इंजिनांना इनटेक म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाल्व्हच्या पाठीवर कार्बन बसतो, कारण तिथं पेट्रोल जातच नाही तर धुऊन कोण काढणार. फोर्डने ३.५ लिटरच्या इंजिनाला २०१७ पासून आणि २.७ ला २०१८ पासून दोन्हीकडून, म्हणजे सिलेंडरमध्ये आणि वाल्व्हच्या पाठीवरही, पेट्रोल द्यायला सुरुवात केली, त्यामुळे २०१९ ची बघताय ते बरोबर आहे, २०१६ ची स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

बाळीवेसकर
डिझेलवाले दादा, कमिन्सचं सांगितल्यावर अण्णा अर्धा तास जुन्या गाडीचंच बोलत होते, जेवण गार झालं. धन्यवाद म्हणू का नको कळेना. पण आता त्यांचा नवीन प्रश्न, एवढं सगळं चांगलं आहे तर विकणारा विकतोय कशाला?

जर्सीकर
मी सांगतो का विकतात. माझ्याकडे पण ट्विन टर्बो व्ही६ चा फुल साइज पिकअप होता, कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर इथं दोन पार्ट्या पडतील आणि मूळ विषय राहील बाजूला. चालवायला एक नंबर. पण सव्वा वर्षानंतर सकाळी पहिल्यांदा स्टार्ट मारली की दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात शेंगा हलवल्यासारखा आवाज यायचा आणि मग चिडीचूप. दिवसभर परत काही नाही. सर्व्हिसवाल्याकडे नेली की तिथं गरम इंजिन, आवाजच येत नाही, तो म्हणणार नॉर्मल आहे सर. तीनदा असं झालं. शेवटी रात्रभर गाडी त्यांच्याकडेच ठेवली तेव्हा सकाळी त्यांना ऐकू आला. कॅम फेजर गेलेले. पुढचं सगळं कव्हर खोललं, बारा दिवस गाडी तिथंच. वॉरंटी होती म्हणून वाचलो, त्यानंतर सहा महिन्यांत विकून टाकली, मनातून उतरली ती उतरलीच.

अक्कलकोट रोड डिझेलवाला
फेजर म्हणजे कॅमशाफ्टच्या तोंडावरचा गोल डबा, ऑइलच्या प्रेशरवर वाल्व्हची टायमिंग मागंपुढं करतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, आतली पिन नीट लॉक होत नसेल तर प्रेशर येईपर्यंत तो खडखडतो. म्हणून गरम इंजिनाला कळत नाही. हे भाऊ बरोबर बोलले, थंड इंजिन ऐकल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि ऑइल. कंपनी दहा हजार मैल म्हणो नाहीतर अजून काही, टर्बो गाडीचं ऑइल पाच हजार मैलाला, म्हणजे आठ हजार किलोमीटरला बदलायचं. टर्बो पण त्याच ऑइलवर जगतो आणि फेजर पण.

डॅलसचा सोलापूरकर
+१. मी पाच हजारालाच बदलतो, पावणेसहा लिटर लागतं, घरीच करतो. आणि भावा, फेजरची ओरड फोर्डमध्ये २.७ ची नव्हती, २०१७ ते २०२० च्या ३.५ ची होती, नंतर त्यांनी पार्ट बदलला. लोक मोठं इंजिन म्हणून ३.५ कडे जातात, तुझ्या भावाला सव्वादोन टनाला त्याची गरजच नाही. २.७ मध्ये २०२१-२२ च्या काही गाड्यांच्या इनटेक वाल्व्हची भानगड झाली, २०२४ मध्ये रिकॉल निघाला, २०१९ त्यात येत नाही.

आणि हे फक्त फोर्डचंच आहे असं नाही. टोयोटाने २०२२ ला टुंड्रा पिकअपमधलं ५.७ व्ही८ काढून ट्विन टर्बो व्ही६ टाकलं, आणि २०२४ मध्ये लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारखान्यात इंजिनात राहिलेल्या कचऱ्यामुळे. टोयोटा! रॅमने १५०० नावाच्या पिकअपमधून हेमी नावाचं व्ही८ काढून लाइनीतलं ३ लिटरचं सहा सिलेंडर आणलं, गिऱ्हाईक एवढं बोंबललं की २०२६ ला हेमी परत आणलं. म्हणजे ते सहा सिलेंडर ताकदीला कमी होतं असं नाही, उलट जास्त होतं. आवाज लागतो लोकांना. आपल्याकडे बुलेटवाल्यांना लागतो तसा.

विजापूर रोड
मधेच एक शंका. अशी गाडी सोलापुरात आणली तर? 😀

डॅलसचा सोलापूरकर
चार दाराची पावणेसहा मीटरच्या वर लांब आहे बे, आरसे धरून रुंदी जवळजवळ अडीच मीटर. चाटी गल्लीत एका तोंडाने घातलीस तर दुसरं तोंड दिसायच्या आत दिवाळी येईल. स्टेअरिंग डाव्या बाजूला, ते वेगळंच. हौस असेल तर हायलक्स बघ, ती पण चारच सिलेंडर, २.८ डिझेल, पण ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर आहे. आपल्या रस्त्यांना तीच लई झाली.

बाळीवेसकर
उशीर झाला, शनिवारी भाऊ गाडी बघायला गेला होता. त्याच्याकडे सकाळचे सात, आमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच, व्हिडिओ कॉल लावला. अण्णा चष्मा घालून खुर्ची पुढं ओढून बसले, पंखा बंद करायला लावला, बाहेर बेचाळीस डिग्री आणि पंखा बंद, कारण आवाज ऐकायचाय. भावाने हौदा दाखवला, फाळका उघडून दाखवला, खालून पाटे दाखवले. मालक चावी फिरवणार एवढ्यात अण्णा म्हणाले, थांब, आधी बॉनेटवर हात ठेव.

भावाने ठेवला. कोमट.

मालक म्हणाला, थोड्या वेळापूर्वी जरा पुढं घेतली होती धुवायला. अण्णांना इंग्रजी येत नाही पण भावाचं तोंड बघून कळलं. म्हणाले, त्याला सांग उद्या येतो, रात्री चावी कुठं ठेवतो ते पण विचार.

रविवारी परत गेला, सहा वाजताच, न सांगता. बॉनेट थंडगार. स्टार्ट मारली, आम्ही इकडे सगळे श्वास धरून. काहीच आवाज नाही, एकदम शिवणयंत्र. अण्णांनी तीनदा बंद-चालू करायला लावली, मग ऑइलची पट्टी काढून पांढऱ्या कागदावर थेंब पाडायला लावला. ऑइल काळं होतं पण चिकट नव्हतं, सर्व्हिसची बिलं मागितली तर पाच-सहा हजार मैलाला ऑइल बदललेलं निघालं. म्हणजे माणूस खरंच धुवायलाच पुढं घेऊन गेला असेल, काय सांगता येतंय.

सौदा जवळजवळ ठरलाय. अण्णांचं आता एवढंच राहिलंय, हौदा साडेपाच फुटी का साडेसहा, कारण साडेपाचमध्ये शेळ्या किती बसणार.

जर्सीकर
साडेसहा घ्यायला सांगा. मी साडेपाचचा घेतला होता, साधा प्लायवूडचा ताव टाकला तरी फाळका उघडा ठेवून दोरी बांधावी लागायची.