चहाची जाहिरात आणि झाकीरभाई

कुणीतरी लिहिलंय, तबलावादक झाकीर हुसेन बहुतेकांना चहाच्या जाहिरातीपुरतेच माहीत होते. असतील ना! मीही त्यातलाच. ती पाहूनच बाबांनी मला नागपुरातल्या महाल भागातल्या तबल्याच्या क्लासला घातलं. दोन वर्षांत ‘तिरकिट’ हा तबल्याचा बोल काही सुटा वाजला नाही, पण डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या तबल्यावर, मनगट दाबत घुमारा कसा वर चढवतात, एवढं ऐकायला शिकलो.

१५ डिसेंबर २०२४. नागपुरात मंत्र्यांच्या शपथविधीची धामधूम. रात्री झाकीरभाई गेल्याची बातमी आली, मग ती खरी नाही म्हणाले, सकाळी पक्कं झालं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत एका रात्रीत ३ ग्रॅमी घेतलेला माणूस! थंडीत माळ्यावरून तबला उतरवला. शाईचे, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचे, टवके उडालेले, वादी (ताणाची चामडी पट्टी) सैल. सुरात लावायची हातोडी काही सापडली नाही.