मदत हवी आहे: सीमेपलीकडून येणाऱ्या तेलवाहिनीला मंजुरी नक्की कोण देतं?

नमस्कार मंडळी,

भाची पणजीत कायदा शिकते. चवथीची सुट्टी संपली की तिची वादविवाद स्पर्धा, विषय 'कीस्टोन एक्सएल'. मामा रोज पेपर वाचतो, तेव्हा त्याला सगळं ठाऊक असणार, असा तिचा समज.

कॅनडातल्या अल्बर्टातून अमेरिकेतल्या नेब्रास्कापर्यंत सुमारे १,९०० किमीची वाहिनी, रोज ८ लाख ३० हजार बॅरल तेल. कॅनडाने २०१० मध्येच होकार दिला. अमेरिकेत मात्र ओबामांनी २०१५ मध्ये नकार दिला, ट्रम्पनी २०१७ मध्ये परवाना दिला, कोर्टात काम अडल्यावर २०१९ मध्ये स्वतःच्या सहीने नवा दिला. बायडननी २० जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे शपथ घेतली त्याच दिवशी, तोही रद्द केला. जूनमध्ये कंपनीने प्रकल्पच सोडून दिला.

दिलेली मंजुरी जाते हे आम्हा गोंयकारांना नवं नाही. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालंच की. पण ते सर्वोच्च न्यायालयाने केलं, कायद्यावर बोट ठेवून. अमेरिकेत एकाची सही दुसरा पुसतो. मग तिथल्या संसदेचा कायदा कुठे गेला? आणि आपल्याकडे अशी वाहिनी टाकायची तर परवानगी कोणाची?

प्रतिसाद १

कायदा नाही, हीच तर गोम आहे! नैसर्गिक वायूच्या वाहिनीसाठी तिकडे संसदेचा कायदा आहे, तेलाच्या वाहिनीने सीमा ओलांडण्यासाठी तसा नाही. ते राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांवर चालत आलंय: १९६८ चा जॉन्सन यांचा, २००४ चा बुश यांचा. २०१९ च्या परवान्यात तर राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या मर्जीने तो केव्हाही रद्द करू शकतात, असं कलमच होतं. बायडननी तेच वापरलं. कंपनीने नंतर १५ अब्ज डॉलरची भरपाई मागितली, २०२४ मध्ये लवादाने तो दावा फेटाळला. भाचीला मूळ परवाना वाचायला सांगा, फार मोठा नाही. प्रतिपक्ष बहुधा तो न वाचताच येईल.

प्रतिसाद २

भारतापुरतं सांगतो. मोतिहारी–अमलेखगंज (नेपाळ, ६९ किमी, २०१९) आणि सिलिगुडी–पार्वतीपूर (बांगलादेश, २०२३) या दोन्ही वाहिन्या दोन सरकारांमधल्या करारांतून झाल्या. आपल्या बाजूच्या जमिनीसाठी १९६२ चा पेट्रोलियम वाहिनी कायदा आहे. त्यात जमीन मालकाचीच राहते, सरकार फक्त वापराचा हक्क घेतं. अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस. नुकसान झालं तर त्याची भरपाई वेगळी, शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ते रद्द करण्याचं कलम भाचीला आताच पाठवलं. तिचा लगेच फोन: "मामा, म्हणजे कंपनीने हे वाचूनच पैसे ओतले?" आता याचं उत्तर कोण देतंय?