सूतीनचा पेस्ट्रीवाला पोरगा घरात लावू की नको?

म्हापशाची_माई:
चित्रकार खाइम सूतीनच्या 'छोट्या पेस्ट्रीवाल्या'चा प्रिंट काढून आणलाय, पॅरिसच्या ऑरांजरी म्युझियममधला, साधारण 1922-23 चा, पांढरा ड्रेस आणि हातात लालभडक फडकं. मला जाम आवडतो, पण सासूबाई म्हणतात या पोराचं तोंड असं वाकडं का गो, मुलाच्या खोलीत लावलास तर तो रात्री झोपायचा नाही. चित्रकाराला सरळ चेहरा येत नव्हता की मुद्दाम केलंय?

रंगारी_फोंडा:
येत नव्हता कसला! समोर माणूस बसवल्याशिवाय तो माणसाचं चित्रच काढायचा नाही, आणि लूव्रमध्ये रेम्ब्रांटच्या चित्रांसमोर तासन् तास उभा राहायचा. मिन्स्कजवळच्या गावातल्या गरीब ज्यू घरातला, 11 भावंडांत 10 वा, 1913 ला पॅरिसला आला. अशाच एका पेस्ट्रीवाल्याचं त्याने आधी काढलेलं एक चित्र आहे, त्यात पोराचा एक कान तर भलताच मोठा. ते चित्र अमेरिकन चित्रसंग्राहक बार्न्सने पाहिलं आणि सूतीनची पन्नासेक चित्रं एकदम उचलली, तोवर हा भाडं भरायच्या विवंचनेत. त्या पांढऱ्या ड्रेसकडे नीट बघ, निळा, पिवळा, गुलाबी सगळं आहे त्यात, नुसता पांढरा शोधून सापडायचा नाही.

साळगांवचो:
आपल्या साळगावच्या चित्रकार सोझाची चित्रं पाहिलेल्यांना हे वाकडं तोंड नवीन नाही, समीक्षक त्याचं नाव सूतीनबरोबर घेतातच. पण सोझाचे चेहरे अंगावर येतात, हा पोरगा तसा नाही. कामावरून मधेच उठवून बसवलाय, टोपी डोक्याला मोठी आणि फडकं घट्ट धरलंय, बस. मला तर आमच्याकडे पहाटे पाव घेऊन येणारा पोदेराचा मुलगा आठवतो, बेल वाजवून नंतर स्वतःच लाजतो तो.

रंगारी_फोंडा:
बरोब्बर. सूतीनला हॉटेलातले पोरे, वेटर असले युनिफॉर्मवाले लोकच जास्त आवडायचे. पैसेवाल्यांची पोर्ट्रेटं काढून पोट भरणारा नव्हता तो.

पणजी_पेठ:
सासूबाईंचं ऐक, मुलाच्या खोलीत नको, हॉलमध्ये लाव. आणि फ्रेमला टाकायच्या आधी प्रिंट उजेडात नेऊन लाल तपास, आपल्याकडे तो हमखास केशरी होतो आणि मग त्या फडक्यात काही राम राहत नाही.

म्हापशाची_माई:
अरे देवा, खरंच केशरी आहे 😭 परत काढायला टाकते.