मदत हवी आहे: टू-स्ट्रोक ट्रिमरचा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय, टाकीचा व्हेंट (हवेची झडप) बदलू की निडल?

मंडळी, नायलॉन दोरीने गवत कापायचा छोटा टू-स्ट्रोक ट्रिमर आहे. कार्बोरेटर फ्लोट नसलेला, डायफ्रॅमवाला: पातळ पडदा (डायफ्रॅम) लिव्हर दाबतो आणि लिव्हर पेट्रोल आत येण्याची वाट उघड-बंद करणारी निडल हलवते. थंड असताना चोक लावून सुरू होतो, पण आयडलिंगला घुसमटतो, भरपूर धूर सोडतो आणि बंद पडतो. लगेच प्लग काढला तर पेट्रोलने चिंब. मग प्लग पुसायचा, चोक उघडा ठेवायचा, रेस पूर्ण दाबायची आणि दोरी ओढत राहायचं, तेव्हा कुठे परत पकडतो.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. मशीन बंद करून उन्हात ठेवलं की एअर फिल्टरच्या फोममधून पेट्रोल ठिबकायला लागतं. सावलीत एक थेंबही नाही. ठिबकत असताना टाकीचं झाकण सैल केलं की फुस्स करून हवा निघते आणि गळती थांबते.

आतापर्यंत पाहिलेलं: पेट्रोल ताजं, ऑइल ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. फिल्टर धुतलेला, चोकची पट्टी पूर्ण उघडते, ठिणगी चांगली. एल स्क्रू (आयडलिंगचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) थोडा आत घेतल्यावर धूर कमी झाला, गळती तशीच. ते पटतंही, कारण तो स्क्रू निडलच्या पुढे येतो आणि बंद मशीनमध्ये पेट्रोलने निडल ओलांडायलाच नको.

कार्बोरेटर उघडला तेव्हा मीटरिंग डायफ्रॅम कडक झालेला होता, बोटाने दाबला की कागदासारखा वाजायचा. गॅस्केट-डायफ्रॅमचा नवा किट टाकला. मीटरिंगच्या बाजूला बॉडीवर आधी गॅस्केट, त्यावर डायफ्रॅम, मग झाकण. हा क्रम उलटला तर डायफ्रॅमचं बटण लिव्हरवर टेकून निडल उघडी राहते, म्हणून पुन्हा खोलून खात्री केली. पंपाचा डायफ्रॅमही नवा आहे. तो फाटला तर पल्सच्या भोकातून (क्रँककेसमधल्या दाबाचे ठोके पंपाला पोचवणारं भोक) पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये ओढलं जातं, ती शक्यताही संपली. किटमध्ये निडल मात्र नव्हती.

मेकॅनिक म्हणतो टाकीचा व्हेंट बदला. मला निडलवर संशय आहे. सुटे भाग मागवण्याआधी पक्कं कसं ठरवायचं?

प्रतिसाद:
सुरू करताना प्रायमरचा फुगा जास्त दाबला जातो का? त्यानेही प्लग ओला होत असेल.

धागाकर्ता:
फुग्याला दोन नळ्या आहेत. तो कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढून टाकीत परत पाठवतो, सिलिंडरमध्ये ढकलत नाही. आणि उन्हातली गळती फुग्याला हात न लावताही होते.

प्रतिसाद:
व्हेंट इतक्यात बदलू नका. बहुतेक ट्रिमरचा व्हेंट एकाच दिशेने चालतो: पेट्रोल कमी होईल तशी हवा आत घेतो, बाहेर काही सोडत नाही. त्यामुळे उन्हात टाकीत दाब तयार होणं स्वाभाविक आहे आणि तो दाब निडलने अडवायचा असतो. व्हेंट चोंदला तर टाकीत हवाच शिरत नाही, मशीन पेट्रोलअभावी बंद पडतं. तुमचं लक्षण नेमकं उलटं आहे.

पक्कं करायला मीटर असलेला हातपंप लागेल. इंजिन थंड असताना कार्बोरेटर काढा, पेट्रोल आत येतं त्या तोटीला पंपाची नळी लावा. मीटरिंगचं झाकण आणि डायफ्रॅम काढून निडलवर दोन थेंब पेट्रोल टाका, कारण कोरडी निडल चांगली असूनही गळू शकते. सुमारे ७ पीएसआयपर्यंत दाब द्या आणि काटा बघा. जागेवर राहिला तर निडल ठीक. खाली सरकला आणि निडलच्या मुळाशी बुडबुडे आले तर निडल किंवा तिची बैठक (ती टेकून बसते ती जागा) गेली. त्याच वेळी लिव्हरची उंचीही बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये तिचं टोक मीटरिंग चेंबरच्या तळाच्या पातळीत असतं, तरी तुमच्या मॉडेलचं माप मॅन्युअलमधून घ्या. लिव्हर उंच असली तर चांगली निडलसुद्धा पूर्ण बसत नाही. स्प्रिंग ताणू किंवा कापू नका, निडल किती दाबाला उघडणार हे तीच ठरवते.

धागाकर्ता:
दादा, टेस्ट केली. काटा सावकाश खाली येतो, बुडबुडे निडलपाशीच. लिव्हर मापात आहे. निडल काढून भिंगातून पाहिली तर टोकाच्या रबरावर गोल खाच पडलेली दिसते. निडल मागवतो. बैठकही बदलावी लागेल का?

प्रतिसाद:
मग निडलच. बऱ्याच छोट्या कार्बोरेटरमध्ये बैठक बॉडीतच घडवलेली असते, वेगळी मिळत नाही. कापसाच्या काडीवर क्लीनर घेऊन हलक्या हाताने पुसा. तार किंवा सुई अजिबात घालू नका, एक ओरखडा पुरतो. नव्या निडलनंतर हीच टेस्ट परत करा. तरीही काटा उतरला तर बैठक खराब आहे आणि पूर्ण कार्बोरेटर बदलणंच बरं.

तोवर टाकी रिकामी ठेवा आणि भिजलेला फोम पूर्ण सुकू द्या. गळत असताना मशीन सुरू करू नका, सायलेन्सर अगदी शेजारी असतो. निडल बसवल्यावर प्लग काढून, त्याचं भोक खाली येईल असं मशीन धरून क्रँककेसमधलं साचलेलं पेट्रोल निथळू द्या, नाहीतर दुरुस्तीनंतरही पहिला प्लग ओलाच निघेल.