शाळेत अभियांत्रिकी शिकवल्याने ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला बळ मिळेल का?

ऐरोलीतील पालक:
माझी मुलगी आठवीत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख करून द्यावी असे सांगते. परंतु ज्या पट्ट्यात रासायनिक कारखान्यांच्या जागी आता माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहत आहेत, तिथे शाळेत यंत्रकाम शिकवून स्थानिक उद्योगांना खरोखर हातभार लागेल का?

वागळे इस्टेटमधील लघुउद्योजक:
नक्की लागेल. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना व्हर्नियर कॅलिपर हे सूक्ष्म मापे घेण्याचे साधन वाचता येते, पण सुट्या भागाचे ड्रॉइंग म्हणजे तांत्रिक आराखडा पाहून कोणते माप किती काटेकोर हवे हे ठरवता येत नाही. ती नजर तयार होईपर्यंत वर्ष सरते.

निवृत्त तंत्रशिक्षक:
पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रम या शिक्षणसंस्थेचे उदाहरण पाहावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला आणि तिथून आकाराला आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले वेल्डिंग, वीजजोडणी, शेती व पशुपालन आणि अन्नप्रक्रिया हाताने करून शिकतात, इतकेच नव्हे तर गावाला लागणाऱ्या वस्तू व सेवा पुरवून केलेल्या कामाचा खर्चही मांडतात. हा हिशेब मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण उद्योग त्यावरच उभा राहतो. केंद्र सरकारच्या योजनेतील अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू बनवून पाहण्याच्या प्रयोगशाळेसाठी, शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मात्र यंत्र हाताळणारा शिक्षक नसेल तर अशा लॅबमधला थ्रीडी प्रिंटर कपाटातच राहतो. आपण शाळेत आधी शिक्षकाविषयी विचारा.

ऐरोलीतील पालक:
आभारी आहे. येत्या पालकसभेत हाच प्रश्न मांडते.