'हलकीफुलकी प्रेमकथा' म्हणणं चूक आहे का?

खारी_बिस्कीट
आमच्या ग्रुपमधे जुने हॉलिवूडपट दाखवतात, त्याचं पत्रक मी लिहितेय. 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) पुढे "हलकीफुलकी प्रेमकथा" लिहिलं तर एका ज्येष्ठ सभासदांनी पेनाने काट मारली, म्हणे हलकं म्हणजे हलक्या दर्जाचं, हलकट तिथूनच आलाय. आणि 'प्रणयपट' लिहिलं तर भलतीच गर्दी होईल :) त्या लोकांचा 'स्क्रूबॉल' नावाचा विनोदी प्रेमपटांचा प्रकार आहे त्याला आपल्याकडे काय म्हणायचं?

शुद्धबुद्ध
काट मारली ते योग्यच. शिवाय हलकाफुलका मला हिंदीतला वाटतो.

गोट्या_ठाणेकर
फुलका ताटात चालतो, वाक्यात नाही? आणि हलकट हलक्यावरून आला याला आधार काय, कानाला सारखं लागलं की झाली व्युत्पत्ती. आजी म्हणायची हलक्या हाताने मळ, हलकं जेव, त्यात कुठे आला दर्जा? मी 'खुसखुशीत' लिहीन.

शुद्धबुद्ध
खुसखुशीत करंजी असते, त्यातला नायक क्लार्क गेबल नव्हे.

लेग_ब्रेक
स्क्रूबॉल मुळात बेसबॉलमधला. नेहमीचा कर्व्ह वळतो त्याच्या उलट्या बाजूला जाणारा चेंडू, म्हणजे आपली गुगलीच की. न्यूयॉर्क जायंट्सचा कार्ल हबेल त्यासाठी प्रसिद्ध, १९३४ च्याच ऑल-स्टार सामन्यात त्याने बेब रूथ धरून ओळीने ५ जण बाद केले. आणि बोलीत स्क्रूबॉल म्हणजे चक्रम. मग चक्रमपट म्हणा ना!

मालतीबाई
चक्रम शब्द गोड आहे पण त्याने निम्मंच सांगितलं जातं. मला हे सिनेमे हलके म्हणून आवडत नाहीत, त्यातली भांडणं आवडतात. 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) बघा, मूळ नाटकात हिल्डी हा पुरुष वार्ताहर होता, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने त्याची बाई केली आणि संपादकाची घटस्फोटित बायकोही केली, आता दोघं एकमेकांचं वाक्य संपू देत नाहीत आणि ती त्याच्या तोडीस तोड बोलते, कुठे मुरका नाही की डोळ्याला पदर नाही. १९३४ च्या मध्यापासून सेन्सॉरचे नियम कडक झाले होते, पलंगावरचं फारसं काही दाखवता येईना, मग जे काय दाखवायचं ते जिभेवर आलं. घटस्फोटित जोडप्यांची चलाखी पण तीच, कालपर्यंत नवराबायको होते म्हटल्यावर किती जवळ उभं राहायचं हे कोण विचारणार. 'द ऑफुल ट्रुथ', हा, आणि 'द फिलाडेल्फिया स्टोरी', तिन्हीत आधीचा नवरा कॅरी ग्रँटच! तेव्हा माझं मत 'प्रणयकलह'.

शुद्धबुद्ध
ताई, उत्तम! संस्कृतात कलहांतरिता नायिका आहेच.

मालतीबाई
अहो पण कलहांतरिता भांडून मग पस्तावते. हिल्डी पस्तावणाऱ्यातली वाटते का तुम्हाला?

गोट्या_ठाणेकर
प्रणयकलह वाचून मला लग्नपत्रिकेतला श्लोक वाटला. रुसवेफुगवे?

मालतीबाई
रुसणारा एकच असतो, दुसरा समजूत काढतो. इथे दोघंही भांडणार, समजूत काढायला बिबट्या. ('ब्रिंगिंग अप बेबी' पाहिला नसेल तर पाहा, १९३८ मधे पडला होता बिचारा.)

पुण्याची_परी
मग 'रोमन हॉलिडे' (१९५३) कुठे बसतो? मला तो सगळ्यात आवडतो.

लेग_ब्रेक
तो यात नाही, ऑड्री हेपबर्न आणि ग्रेगरी पेक शेवटी एकत्र येत नाहीत.

पुण्याची_परी
पण मजा तीच ना, श्रीमंत मुलगी पळते आणि वार्ताहर बातमीसाठी मागे लागतो. गेबल पण तेच करतो.

गोट्या_ठाणेकर
आणि राज कपूर पण. 'चोरी चोरी' (१९५६) म्हणजे गेबलचाच सिनेमा गाणी घालून, आणि गाण्यांमुळे मला तो जास्त आवडतो, या आता अंगावर.

शुद्धबुद्ध
राज-नर्गिसचा शेवटचा सिनेमा तो.

लेग_ब्रेक
'जागते रहो' पण १९५६ चाच आहे.

शुद्धबुद्ध
त्यात ती नायिका कुठे आहे, शेवटी येऊन पाणी पाजते फक्त.

लेग_ब्रेक
तुम्ही "सिनेमा" म्हणालात, "नायिका" नव्हता म्हणालात.