रंगावरून आकार कळत नाही
लाल तारा आकाराने मोठाच असतो, हे विधान मला पटत नाही, कारण रंगावरून केवळ पृष्ठभागाचे तापमान कळते. मृगातला काक्षी (बीटलज्यूस) आणि सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा हे दोघेही ‘एम’ या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या, थंड तांबड्या ताऱ्यांच्या वर्गातले. पण काक्षी सूर्याच्या शेकडो पट रुंद, तर प्रॉक्सिमा जेमतेम सातव्या हिश्शाएवढा. म्हणूनच १९४३ मध्ये मॉर्गन, कीनन आणि केलमन या खगोलशास्त्रज्ञांनी तापमानाचा वर्ग सांगणाऱ्या या अक्षरांना तेजस्वितेच्या, म्हणजे ताऱ्याच्या मूळ प्रखरतेच्या, रोमन आकड्यांची जोड दिली. काक्षीसारख्या महाराक्षसी, म्हणजे प्रचंड आकाराच्या, ताऱ्याचे वातावरण विरळ असल्याने त्याच्या वर्णपटातील (प्रकाशाच्या रंगपट्ट्यातील) काळ्या रेषा बारीक उमटतात आणि त्यावरून तो ओळखता येतो.

रंग मात्र स्वतः पडताळावा. डिसेंबरात साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या पुढे थांबून मी दुर्बिणीचा फोकस मुद्दाम किंचित ढळवतो: काक्षीचा ठिपका पसरून स्पष्ट नारिंगी दिसतो, मृगातल्याच राजन्याचा (रायजेल) निळसर पांढरा.